छेदात कोण?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायचं म्हणजे कट्टा, कॅन्टीन आणि पावसात भिजलेलं गॅदरिंग. ते बाकीच्यांनी लिहिलं असेलच. आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागानं डोक्यात ठोकून बसवलेली एकच गोष्ट इथे मांडतो : आकडा हातात आला की आधी त्याचा छेद विचारायचा, म्हणजे तो एकूण किती जणांपैकी आहे ते.

अंश आपसूक मिळतो. आजारी माणूस दवाखान्याच्या दारात येतोच. जो आजारी पडला नाही, ज्याच्या मुलाला लस मिळाली नाही, ज्याच्या दाराला कुलूप आहे, तो स्वतःहून येत नाही. त्याला शोधत जावं लागतं. म्हणून शहरातल्या विद्यापीठात असा विभाग काढला की त्याला वर्गखोल्यांइतकीच एखादी वस्तीही लागते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं १९१६ साली सार्वजनिक आरोग्याची शाळा काढली आणि १९३२ मध्ये शहराच्या पूर्वेकडचा एक भाग तिथल्या आरोग्य खात्याच्या सोबतीनं अभ्यासाला जोडून घेतला. जामखेडचे रजनीकांत आणि मेबल आरोळे, गडचिरोलीचे अभय आणि राणी बंग याच शाळेत शिकून आले. बंगांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग मांडला. त्यात ३९ गावांत काम होतं, पण न केलेल्या ४७ गावांतलेही जन्म आणि मृत्यू त्यांनी मोजले होते. आपल्याकडे त्या ३९ गावांचं कौतुक फार होतं. मला विचाराल तर त्या ४७ गावांची मोजणी जास्त चिवट कामाची.

आता तीस गुणिले सात, म्हणजे तीस समूह आणि प्रत्येकात सात मुलं. लसीकरणाची ही पाहणी विभागातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला झोपेतही यावी. १२ ते २३ महिन्यांची २१० मुलं. २१०च का? खरं प्रमाण निम्म्याच्या आसपास धरलं आणि दहा टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर सुटी सुटी निवडलेली ९६ मुलं पुरतात. पण एका गल्लीतली सात मुलं सुटी नसतात. त्यांची अंगणवाडी एक, आरोग्यसेविका एक, नळाची वेळसुद्धा एक. म्हणून दुप्पट, १९२. त्याला ३० नी भागलं की ६.४, म्हणजे सात.

वस्त्यांची यादी करायची, प्रत्येकीपुढे लोकसंख्या आणि त्यापुढे बेरीज चढत न्यायची. एकूण ३,६०,००० असेल तर ३० नी भागून टप्पा १२,०००. एक ते १२,००० मधला एक आकडा चिठ्ठीनं काढायचा. समजा ७,४३१ आला. तो चढत्या बेरजेत ज्या वस्तीत पडतो ती पहिली, १९,४३१ जिथे पडतो ती दुसरी, आणि असंच पुढे. मोठी वस्ती दोनदा आली तर तिथे दोन समूह घ्यायचे. ‘एकदा झालं की’ म्हणून सोडायची नाही.

कागदावर हे सोपं आहे. घोळ वस्तीत शिरल्यावर होतो. मध्यावर उभं राहून पेन फिरवायचं, टोक दाखवेल त्या दिशेची घरं वस्तीच्या कडेपर्यंत मोजायची आणि त्यातलं एक चिठ्ठीनं काढायचं, हा पुस्तकी नियम. झोपडपट्टीत ‘मध्य’ म्हणजे बहुतेक वेळा देऊळ, मशीद नाहीतर रेशनचं दुकान, आणि त्याच्या आसपास राहणारे जरा बऱ्या स्थितीतले. नाल्याकाठची टोकाची रांग सुटते. बाहेरून लोखंडी शिडी लावलेली वरची भाड्याची खोलीही सुटते, कारण खाली मालकीण सांगते, ‘वर कोणी नाही, कामाला जातात.’ म्हणून शिडी दिसली की ते वेगळं घर धरायचं. बहुमजली इमारतीत आधी मजला चिठ्ठीनं काढायचा, मग खोली. पुढचं घर म्हणजे ज्याचं दार सर्वांत जवळ ते, जिथे चहा मिळतो ते नव्हे. सातवं मूल ज्या घरात सापडलं तिथे त्याच वयाचं आणखी एक असेल तर तेही घ्यायचं. कुलूप असेल तर संध्याकाळी परत, तरीही बंद तर रविवारी. दोघंही कामावर जाणाऱ्या घरातलं मूलच लसीला चुकलेलं असण्याचा संभव जास्त, आणि नेमकं तेच गाळलं की टक्केवारी छान दिसते.

वय विचारताना तारीख मिळाली नाही तर सण विचारायचे : गणपतीत पोटात होतं की मांडीवर? कार्ड नसेल तर डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, वण बघायचा, पण वण नाही म्हणून लस नाही असं लिहायचं नाही. काही मुलांना तो उठतच नाही. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. बीसीजी साताऱ्याला, पुढचे डोस गोवंडीला आणि कार्ड ट्रंकेत. आईनं सांगितलेलं आणि कार्डावर दिसलेलं वेगवेगळ्या रकान्यांत भरायचं. सगळं झाल्यावर हमखास होणारी चूक म्हणजे एकेका समूहाची टक्केवारी काढणं. हे उत्तर सगळ्या शहराचं असतं. सात मुलांवरून त्या गल्लीबद्दल काहीही म्हणता येत नाही.

पंगतीतल्या विषबाधेचं गणित छोटं आहे, पण छेद म्हणजे काय ते त्यानंच कळतं. समजा १२० जण जेवले, ५२ आजारी पडले. रुग्णालयात जाऊन त्या ५२ जणांना विचारलं तर ५० जणांनी मसालेभात खाल्लेला आणि ४८ जणांनी श्रीखंड. झालं, आचाऱ्याचा भात बदनाम! आता बरे राहिलेल्या ६८ जणांकडे जा. भात ११५ जणांनी खाल्ला होता, म्हणजे खाणाऱ्यांत ४३ टक्के आजारी. न खाणारे पाच, त्यांतले दोन आजारी, ४० टक्के. फरकच नाही. श्रीखंड ८० जणांनी खाल्लं, ४८ आजारी, ६० टक्के. न खाणाऱ्या ४० जणांत चारच, १० टक्के. सहापट. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या असतील तर स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषाचा संशय घ्यायचा आणि चक्का बांधणाऱ्याच्या, ढवळणाऱ्याच्या बोटांवर पिकलेली जखम आहे का ते पाहायचं. विष आधीच तयार झालेलं असतं, गरम करून जात नाही.

डासांच्या अळ्यांच्या पाहणीत तर तीन छेद. ५० घरं तपासली, सहांत अळ्या मिळाल्या, तर हाऊस इंडेक्स १२. पाण्याची २०० भांडी पाहिली, नऊ दूषित म्हणजे अळ्या असलेली, तर कंटेनर इंडेक्स ४.५. आणि दर शंभर घरांमागे दूषित भांडी १८, हा ब्रेटो इंडेक्स. पिंपावर सावली पडली की अळ्या तळाला जातात, म्हणून दोन मिनिटं थांबून मग टॉर्च मारायचा. पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली अळी मलेरियाच्या ॲनॉफिलीस डासाची, तिरकी लोंबणारी आखूड नळीची डेंग्यूच्या एडिसची. पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. एडिसची अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात.

आपल्या मुंबईला छेदाची फजिती जुनीच आहे. १८९६ मध्ये प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक गावाकडे पळाले. मृत्यू वर मोजले जात होते, खाली जुन्याच शिरगणतीची लोकसंख्या. १८९१ ची ८,२१,७६४ आणि १९०१ ची ७,७६,००६ ही दोन टोकं आपल्याला ठाऊक, पण मधल्या वर्षांत दर महिन्याला शहरात किती माणसं होती? आजही लसीकरणाचं उद्दिष्ट २०११ च्या जनगणनेवर वाढीचा दर चढवून काढलं की एखाद्या वॉर्डात शंभर टक्क्यांहून जास्त लसीकरण निघू शकतं. शेजारच्या वॉर्डातली मुलं अंशात येतात, नव्यानं उठलेली झोपड्यांची रांग छेदात नसते. असा आकडा आला की अभिनंदनाचं पत्र टाईप करण्याआधी आशाताईंची घरयादी मागवायची, खडू घ्यायचा आणि नाल्याच्या बाजूनं मोजायला सुरुवात करायची.