बालेवाडीची टोपलीवाली

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बार्शी स्टँडवरून सकाळची पुणे गाडी पकडली. पिशवीत मावशीसाठी आईने दिलेलं सोनं, म्हणजे आपट्याची पानं, डबाभर शेंगाचटणी, कडक भाकरी आणि आमच्या सरांची चिठ्ठी. साल २००८. मी बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करत होते आणि पुण्यात १२ ऑक्टोबरपासून कॉमनवेल्थ युथ गेम्स होणार होते. सरांचे एक मित्र अ‍ॅथलेटिक्सच्या पंचांमध्ये होते. त्यांना स्वयंसेवक हवे होते, आणि सरांनी वर्गात विचारल्यावर माझा हात सगळ्यांत आधी वर गेला होता.

कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर. भिगवणला गाडी चहाला थांबली तेव्हा मी शेजारच्या आजींना सांगून टाकलं की मी आंतरराष्ट्रीय स्पर्धेला चाललेय. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "जिंकून ये गं बाई," म्हणाल्या. मी काही दुरुस्ती केली नाही.

मावशी शनिवार पेठेत राहायची. सकाळी सहाला निघायचं, नव्या पुलावरून चालत मनपाचा बसथांबा गाठायचा आणि तिथून बालेवाडीची बस. स्पर्धा तिथल्या क्रीडा संकुलात होत्या. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाल्याला जेमतेम वर्ष झालं होतं, पण सगळे 'पीएमटी'च म्हणत होते. सिमला ऑफिस, विद्यापीठ चौकातला तो उड्डाणपूल (२०२० साली पाडला, तेव्हा मात्र नवाकोरा होता), मग बाणेर. बाणेर संपलं की पुणंही संपल्यासारखं वाटायचं. मोकळी रानं, मध्येच एखाद्या अर्ध्या इमारतीचा सांगाडा, वर क्रेन. आज तिथे कॉफी प्यायला जाणाऱ्यांना हे सांगून पटत नाही.

पहिल्या दिवशी कंडक्टरने माझ्या गळ्यातलं कार्ड पाहून विचारलं, "खेळायला का?"

"नाही. टोपल्या उचलायला."

तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. आदल्या दिवशी सगळ्या स्वयंसेवकांना कामं वाटली होती. इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या मुलामुलींना पाहुण्यांबरोबर पाठवलं. काहींना माध्यम कक्ष, काहींना भोजनगृह. एकाला तर जिगरच्या आसपास गर्दी आवरायचं काम मिळालं. जिगर म्हणजे स्पर्धेचं बोधचिन्ह असलेला वाघोबा, दिल्लीच्या २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या शेराचा धाकटा भाऊ. आणि आम्ही सोळा जण, बहुतेक बाहेरगावचे, ट्रॅकवर. आमच्या हातात प्लॅस्टिकच्या टोपल्या. एक ते आठ आकडे चिकटवलेल्या, दोन संच. भाजी मंडईत असतात तशाच, फक्त स्वच्छ.

आता हे काम काय असतं ते सांगते, कारण टीव्हीवर ते कधी नीट दिसत नाही. धावपटू थेट ट्रॅकवर येत नाही. आधी कॉल रूम. तिथे नंबर तपासतात, बॅग तपासतात, मोबाइल आणि गाणी ऐकायचं यंत्र काढून घेतात. बूट उलटे करून खिळे मोजतात: एका बुटाला अकराहून जास्त नकोत, आणि सिंथेटिक ट्रॅकवर लांबी नऊ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उंच उडी आणि भालाफेकवाल्यांना बारापर्यंत सूट. आमच्याकडे बार्शीला मातीच्या मैदानावर धावताना खिळा जेवढा लांब तेवढा चांगला, असा हिशोब. इथे एक पंचकाका छोटी पट्टी घेऊन एकेक बूट असे बघत होते जसा सोनार अंगठी बघतो. मग फोटो फिनिशसाठी मांडीवर लेनचा आकडा चिकटवायचा आणि सगळ्यांना ओळीने बाहेर काढायचं. त्यांच्या मागून आम्ही, तशाच ओळीने.

सुरुवातीच्या रेषेमागे टोपली ठेवायची. पोरं ट्रॅकसूट काढतात, त्यात टाकतात. स्टार्टर "ऑन युअर मार्क्स" म्हणाला की आपण पुतळा. खोकला आला तरी गिळायचा. गोळी सुटली की टोपल्या उचलायच्या आणि ट्रॅकच्या बाहेरच्या कडेने, एका रांगेत, न धावता शेवटच्या रेषेकडे जायचं. न धावता! मी चारशे मीटरची धावपटू, विद्यापीठाच्या संघात थोडक्यात हुकलेली, आणि त्या ट्रॅकवर मला चालायला सांगितलं होतं.

आणि शर्यत? शर्यत दिसत नाही. शंभर मीटरला आठ पाठी दिसतात आणि त्या लहान होत जातात. दोनशेला त्या वळणावर तिरक्या होतात. कोण पुढे, काही कळत नाही. टोपल्या घेऊन पोचेपर्यंत सगळे गुडघ्यावर हात टेकून उभे असतात, फलकावर निकाल येऊन गेलेला असतो.

पण टोपली दिसते. दिवसभर मी टोपल्याच पाहिल्या. कुणी कपड्यांची चौकोनी घडी घालून इस्त्रीवाल्याकडे देतात तशी ठेवायचं, कुणी बाही उलटीपालटी, भिरकावून. बुटात मोजा, मोज्यात गळ्यातली साखळी. एका मुलीने सगळ्यात वर एक बारीकशी कापडी बाहुली ठेवली होती, तोंड ट्रॅककडे करून. बामाचा वास, नारळाच्या तेलाचा वास, घामाचा वास; तो सगळ्यांचा एकच. पाठीवरची नावं वाचून भूगोल नव्याने शिकले. राष्ट्रकुलातले ७१ संघ आले होते. इंग्लंड वेगळा, स्कॉटलंड वेगळा, वेल्स वेगळा, हे मला तिथे कळलं. जर्सी हा एक संघ आहे हेही. त्या दिवसापर्यंत जर्सी म्हणजे मला फक्त गाय माहीत होती.

दुसऱ्या दिवशी मी घोळ घातला. मुलींच्या दोनशे मीटरला माझ्याकडे सगळ्यात पुढची टोपली, म्हणजे रांग माझ्यामागे. मी सवयीने कॉल रूमच्या दिशेला वळले आणि सात जणी माझ्यामागे वळल्या. इकडे आठ पोरी शेवटच्या रेषेपलीकडे, खिळ्यांचे बूट हातात घेऊन, ऑक्टोबरच्या दुपारच्या काँक्रीटवर अनवाणी. एक पाय उचलायचा, दुसरा टेकवायचा. आम्ही पोचलो तेव्हा पंचबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं पाहिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यातल्या एका मुलीने चपला पायात सरकवताना मलाच तीनदा 'सॉरी' म्हटलं. का, देव जाणे.

१४ तारखेला कोजागिरी. घरी पोचायला रात्रीचे दहा वाजले. गच्चीवर शेजारपाजारची मंडळी, मधोमध दुधाचं पातेलं, वर केशर, त्यात चंद्र. मी कठड्याला टेकून बसले तशी मावशीने पेला हातात दिला.

"अगं, पाय बघ केवढे सुजलेत. आणि काय गं, पैसे किती देतात?"

"पैसे नसतात मावशी. टी-शर्ट, टोपी, जेवण."

"बरं." पुणेरी 'बरं'. त्यात सगळं आलं.

काकांना मात्र खेळात रस. "आज कोण जिंकलं शंभर मीटर?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? दिवसभर तिथं होतीस ना?"

गच्ची हसली. सकाळी काका 'सकाळ' पेपरचं क्रीडापान माझ्यापुढे धरून बातम्या वाचून दाखवायचे. मी ज्या मैदानावरून आले होते तिथलीच बातमी मला त्यातून कळायची. बॅडमिंटनमध्ये साईना नेहवालने सुवर्ण घेतलं, तेही असंच कळलं. ती दोनच महिन्यांपूर्वी बीजिंगला ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळून आली होती. ती आणि मी एकाच संकुलात, मध्ये चार-पाच मिनिटांचं चालणं. पण माझ्या कार्डावर त्या दाराचा आकडा नव्हता.

एक शर्यत मात्र मी पाहिली. म्हणजे पाहिली नाही, पण ती मला आठवते. मुलांची प्राथमिक फेरी. त्या वेळी नियम असा होता, की पहिली चुकीची सुरुवात कुणाचीही असो, सगळ्यांना मिळून एक ताकीद. त्यानंतर जो कुणी आधी सुटेल तो बाहेर, मग पहिली चूक त्याची असो वा नसो. (२०१० पासून तीही सवलत गेली.) पहिली चूक दोन नंबरच्या लेनची. दुसऱ्यांदा सहा नंबरचा सुटला. लाल कार्ड. माझी टोपली सहाची.

बाकीचे सात पुन्हा सुरुवातीच्या ठोकळ्यांवर बसले. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. एवढ्या दिवसांत शर्यत चालू असताना माझ्याकडे तोंड करून उभा असलेला तो एकटाच. सतराचा असेल. मिसरूड नुकती फुटलेली. शर्ट उलटा घातला, काढला, पुन्हा उलटाच घातला. गोळी सुटली तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं नाही, बुटाची नाडी सोडत बसला. ती गाठ सुटेना. मी वाकून सोडली, त्याने सोडू दिली.

टोपली आता रिकामी. ठेवून जावं म्हटलं तर मागून खूण आली, सगळ्या न्यायच्या. मी उचलली. तो काही न बोलता उठला, माझ्या हातातून ती घेतली आणि आमच्या रांगेत सहाव्या जागी चालू लागला. न धावता. शेवटच्या रेषेपाशी त्याने ती इतर सातांच्या ओळीत नीट ठेवली आणि निघून गेला. कोणत्या देशाचा, ते मी पाहिलं होतं. मुद्दाम सांगत नाही.

१८ तारखेला स्पर्धा संपली. भारताला ३३ सुवर्णांसह ७६ पदकं, पहिला क्रमांक. आकडे अर्थातच काकांच्या पेपरातले. १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल पुन्हा नुसत्या वॉचमनचं झालं असणार. मी स्वारगेटहून बार्शीची गाडी धरली. टी-शर्ट दोन मापं मोठा होता. तो वडिलांनी रानात जाताना पुढची चार वर्षं घातला.

चार वर्षांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, लंडन ऑलिंपिकची पुरुषांची चारशे मीटर अंतिम शर्यत आपल्याकडे रात्री दोनला होती. मी आणि भाऊ जागे. ग्रेनाडाचा किरानी जेम्स जिंकला, ४३.९४ सेकंद, त्या एवढ्याशा देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक. भाऊ मोबाइलवर काहीतरी शोधत होता. "ताई, हा पुण्यात होता की! २००८ ला. चारशेचं सुवर्ण. सोळा वर्षांचा होता तेव्हा. तू याची टोपली उचलली असशील."

उचललीही असेल. खूप आठवून पाहिलं. घडी घालणाऱ्यांतला की भिरकावणाऱ्यांतला, काही आठवेना. इतक्यात टीव्हीवर शर्यत पुन्हा दाखवली. या वेळी मी ठोकळ्यांच्या मागे नजर लावून बसले. आठ टोपल्या, आठ पोरं, पुतळ्यासारखी. गोळी सुटली आणि कॅमेरा पळणाऱ्यांबरोबर निघून गेला.