गुलाबाचा डायबॅक: सातवा आठवडा, घोळ मुळांत होता

तर अपडेट देते. लाल गुलाबाची जी फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येत होती (हाच डायबॅक, बुरशीने फांदी टोकाकडून मरत येते) ती पहिल्या आठवड्यात कापली होती, पण १० दिवसांत काळं परत २ इंच खाली उतरलं आणि शेजारची फांदीपण तपकिरी व्हायला लागली, खूप वाईट वाटलं कारण हे झाड ६ वर्षं माझ्याकडे आहे.

पहिल्यांदा चुकलं ते असं की काळं संपलं तिथेच कापलं. कापल्यावर आतला गाभा बघायचा, पांढरट हिरवा असेल तर ठीक, मध्ये तपकिरी ठिपका जरी दिसला तरी बुरशी अजून खाली आहे, मग अजून खाली जायचं. या वेळी चार काप घेतले तेव्हा स्वच्छ गाभा लागला, प्रत्येक कापानंतर कटर ७० टक्के अल्कोहोलने पुसला. काप डोळ्याच्या (फांदीवर नवा फुटवा येतो त्या जागेच्या) जेमतेम अर्धा सेंटीमीटर वर आणि तिरका, कारण वर लांब खुंट ठेवला की तो वाळतो आणि बुरशी तिथूनच शिरते.

कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावली. एका झाडाला १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम कळीचा चुना आणि १०० मिली पाणी भरपूर होतं, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यांत भिजवायचं, धातूचं भांडं अजिबात नको, मग चुना गार झाल्यावर एकत्र करायचं. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. पेस्ट त्याच दिवशी वापरून टाका.

पण खरी गोष्ट पुढे आहे. माती ओली असून पानं मलूल, आणि मी तहान लागली समजून आणखी पाणी घालत होते!! शेवटी कुंडी उलटी केली तर खालची भोकं मुळांनी आणि गाळाने बंद, तळाला चिखल, आंबूस वास, मुळं काळी, बोटाने ओढलं की साल निघून आत नुसता दोरा उरत होता. डायबॅकच्या बुरश्या बहुतेक वेळा आधीच दमलेल्या झाडालाच धरतात, मग ते पाणी साचल्याने दमलेलं असो, कडक उन्हाने साल भाजून असो की खवले किडीने रस शोषून, त्यामुळे माझ्या मते नुसती फांदी छाटत बसून उपयोग नाही. (खोडावर खवले दिसतात का तेही बघितलं, नखाने खरवडून, नव्हते.)

सडलेली मुळं कापली, भुसभुशीत मिश्रणात लावलं, सावलीत ठेवलं, खत पूर्ण बंद. आता वरची २ इंच माती सुकली तरच पाणी.

आज ३ लालसर फुटवे आहेत! चौथा कलमाच्या जोडाखालून आला होता, तो ज्यावर कलम बांधलंय त्या रानटी गुलाबाचा, मुळापासून काढला. दुसऱ्या फांदीवर एक तपकिरी पट्टा अजून आहे, त्याच्या कडेला मार्करने रेघ मारून ठेवलीये, रेघेच्या पुढे गेला की लगेच कापणार.