तुम्ही विचारलंत म्हणून: अणुबॉम्ब आहे, मग टाकत का नाही?

"सुभेदार, आपल्याकडं बॉम्ब हाय, मग पाकिस्तानवर एकदाच टाकून विषय का संपवत न्हाईत?" दूध घालायला डेअरीवर गेलो की विचारतात, सलूनमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत तर हमखास. पहलगामनंतर तर ऊतच आला. 'तसं नसतं' म्हटलं की समोरचा असा बघतो, जणू माझी पेन्शन इस्लामाबादहून येते. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

मी बॉम्बच्या विरोधात नाही. मे 1998 मध्ये पोखरण झालं तेव्हा सुट्टीवर गावी होतो, पेढे वाटले. ते पेढे आजही मला परत घ्यायचे नाहीत. 1962 ला मार खाल्ला, 1964 ला चीननं बॉम्ब फोडला. आपण काय हात बांधून बसायचं होतं? पण 28 मे ला पाकिस्ताननंही चगाईत स्फोट केले आणि वर्षभरात कारगिल. पेढे वाटणारा मी म्हणायचो, आता कुणाची टाप नाही. टाप होती. भारत मोठं युद्ध करणार नाही या भरवशावरच ते शिखरांवर चढून बसले, आणि आपणही विमानं ताबारेषेपलीकडं नेली नाहीत.

'टाका' म्हणणाऱ्यांनी आधी नकाशा बघावा. लाहोर ते अमृतसर म्हणजे आपलं कोल्हापूर ते सांगली. शिवाय त्यांचं नस्र हे साठ-सत्तर किलोमीटर पल्ल्याचं अण्वस्त्र वाहणारं क्षेपणास्त्र शहरांसाठी नाहीच, आत घुसलेल्या आपल्या रणगाड्यांसाठी आहे. म्हणजे पहिला बॉम्ब पडायचा तो आमच्यासारख्यांच्या डोक्यावर. आपलं 2003 चं धोरण म्हणतं, आधी आपण वापरणार नाही, पण आपल्या फौजेवर कुठंही अण्वस्त्र पडलं तर उत्तर जबरदस्त असेल. नोकरीत असताना माझा त्यावर पक्का विश्वास होता. आता वाटतं, वाळवंटातल्या एका रेजिमेंटसाठी दिल्ली खरंच अख्खी शहरं जाळेल? आणि जाळावीत असं मला तरी वाटतं का? कधी हो, कधी नाही.

डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि फौज सीमेवर गेली. ऑपरेशन पराक्रम. आम्ही सॅपर, म्हणजे फौजेचे इंजिनियर, राजस्थानात माईन म्हणजे भूसुरुंग पेरत होतो. मे मध्ये जम्मूजवळ कालूचकला जवानांची बायकापोरं मारली, तेव्हा वाटलं, आता निघालोच. अणुहल्ल्याच्या धुळीपासून वाचवणारे कोळशाच्या अस्तराचे सूट चढवून सराव चालायचा. त्या उन्हात थोड्याच वेळात बुटात घाम साचायचा. पुढं जायचा हुकूम आला नाही. ऑक्टोबरमध्ये आला तो परत फिरायचा. पेरलेलं सगळं उचला.

उचलणं पेरण्यापेक्षा वाईट. एम-14 म्हणजे तळहातात मावणारी प्लास्टिकची डबी, धातू नावापुरता, डिटेक्टर गप्पच राहतो. वाळू सरकते तशी डबीही सरकते. आणि जितक्या पेरल्या तितक्या उचलल्या असं रजिस्टरात दिसलंच पाहिजे. एका रांगेत एक कमी पडली. राधानगरीकडचा एक पोरगा गुडघ्यावर बसून सळईनं तिरकं टोचत शोधत होता. दुपार झाली तरी मिळेना. पाठ आखडली म्हणून तो उठला आणि एक पाऊल मागं टाकलं.

आवाज फार मोठा नव्हता. धूळ खाली बसली तेव्हा उजवा बूट पुढून उघडा पडला होता. मी साफ केलेल्या पट्ट्यातून त्याच्यापर्यंत गेलो, पायाला पट्टी आवळली. पोरगं पांढरंफटक पडलेलं. मला म्हणालं, "उस्ताद, आता हिशेब जुळला न्हवं?"

संध्याकाळी रजिस्टर भरलं. जुळला होता.

त्याचा पाय घोट्यापासून काढला. आता गावात असतो, म्हशी आहेत, बरं चाललंय. यात्रेला आलेले पाहुणे विचारतात, "कुठल्या लढाईत गेला पाय?" काय सांगणार? लढाई झालीच नव्हती. त्या दहा महिन्यांत एकही युद्ध न होता शेकडो जवान मेले नाहीतर जायबंदी झाले.

बॉम्बमुळं युद्ध टळलं, मान्य. टळलं नसतं तर असे हजारो पाय गेले असते, तेही मान्य. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा 1988 चा करार आहे. त्यासाठी आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश एकमेकांना देतात. कारगिलनंतर गेल्या, पुलवामानंतरही गेल्या. तेव्हा दोन्हीकडं अगदीच वेडे बसलेले नाहीत. तरी 7 मे 2025 च्या रात्री ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा मीही टीव्हीपुढून हललो नाही, आणि 10 तारखेला थांबलं तेव्हा 'एवढ्यात का थांबले' हे माझ्याच तोंडून गेलं.

राधानगरीचा पोरगा अजून फोन करतो. त्याचाही प्रश्न हाच. मी लाहोर-अमृतसर सांगतो. तो म्हणतो, "मग आम्हाला धा म्हैने तिथं कशाला हुभं केलं?" मी म्हणतो, दबाव टाकायला, जानेवारी 2002 मध्ये मुशर्रफनं टीव्हीवर येऊन अतिरेक्यांना आवरायचा शब्द दिला तो त्यामुळंच. "आणि मे मध्ये कालूचक झालं," तो म्हणतो. यावर मी म्हशी किती दूध देतायत ते विचारतो.