गुंड्याची साखर, खडा आणि उलट्या : माझा अनुभव

आमच्या बोक्याला, गुंड्याला, डायबेटिस निघाला तेव्हा इन्सुलिन आमच्या घराला नवं नव्हतं. सासूबाईंची बाटली फ्रीजच्या दारात कित्येक वर्षं आहेच. आता शेजारी बोक्याची बाटली आली, आणि पहिली काळजी सुरू झाली ती सिरिंजची. सासूबाईंचं इन्सुलिन ४० युनिटचं (म्हणजे एका मिलीत ४० युनिट), त्याची सिरिंज लाल टोपणाची. गुंड्याचं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन १०० युनिटचं, त्याची केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं औषध चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं, तर रेघ तीच दिसते पण अंगात अडीचपट जातं. मांजराचा सुरुवातीचा डोसच मुळी एखाद्या युनिटचा, तिथे अडीचपट म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून सासूबाईंचा डबा स्टीलचा, गुंड्याचा प्लास्टिकचा, आणि दोन्ही एका वेळी बाहेर काढायचे नाहीत असा घरात नियम.

टोचणं मात्र सोपं निघालं. मानेमागची किंवा कुशीची कातडी चिमटीत धरायची, बारीक सुई, झालं. खाताना टोचलं तर त्याला पत्ताही लागत नाही. आम्हाला खरं दमवलं ते त्याच्या पोटाने. डायबेटिसवाल्या मांजराला संडास होत नाही आणि वर उलट्या होतात, तेव्हा नेमकं काय करायचं हे सांगणारं आजूबाजूला कुणी नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

एप्रिलमधली गोष्ट. आमचं घर कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतलं, वरच्या मजल्यावर, दुपारी पत्रा तापतो. गुंड्या वाडग्यावर वाडगे पाणी प्यायचा आणि वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे मोठाले गोळे करायचा. शी मात्र आधी सुक्या खड्यासारखी यायला लागली आणि मग यायचीच बंद झाली. तो ट्रेमध्ये जाऊन बसायचा, कळ काढायचा, ओरडायचा, बाहेर यायचा आणि पाच मिनिटांत पुन्हा आत.

बोका ट्रेमध्ये जोर काढतोय म्हणजे संडासच अडकली, असं धरून चालायचं नाही. बोक्यांची लघवीची वाट अरुंद असते. तिथे अडलं तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो आणि लांबून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. गुंड्याच्या बाबतीत वाळूत ओले गोळे रोज पडत होते, म्हणून लघवी सुरू आहे हे आम्हाला कळत होतं. गोळे दिसत नसतील, तर पुढचं वाचत बसू नका. बास्केट उचला आणि दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

मग एका सकाळी त्याने ट्रेमधून बाहेर येऊन पांढरा फेस ओकला. थोड्या वेळाने पिवळं पित्त. वाटीतल्या खाण्याला तोंड लावलं नाही. आणि घड्याळात इंजेक्शनची वेळ.

इथे माणूस गोंधळतो. इन्सुलिन दिलं आणि तो जेवलाच नाही, तर साखर खाली जाऊन झटके येऊ शकतात. नाही दिलं, तर शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून तयार होणारे किटोन वाढतात, आणि आधीच उलट्या करणाऱ्या मांजराचं रक्त आम्लाकडे झुकतं. ते डायबेटिसमधलं सगळ्यात वाईट दुखणं. म्हणजे ‘आज राहू दे’ हेसुद्धा औषधच आहे आणि त्याचाही डोस चुकू शकतो. कानाच्या कडेला टोचून ग्लुकोमीटरवर बघितलं तर ३४०. (माणसांचा ग्लुकोमीटर मांजराचा आकडा जरा कमीच दाखवतो, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं.) लघवीचा ताजा गोळा सुकण्याआधी किटोनची पट्टी लावली, रंग बदलला नाही. हे दोन्ही आकडे हातात घेऊनच डॉक्टरांना फोन केला, आणि त्यामुळे बोलणं दोन मिनिटांत संपलं. ‘आकडा वरचा आहे, किटोन नाहीत. निम्मा डोस द्या, ताई, आणि लगेच घेऊन या.’ हा निम्मा डोस त्या दिवशीच्या गुंड्याला होता. तुमच्या मांजराला काय, ते तुमच्या डॉक्टरांना आजच, सगळं बरं असताना विचारून कागदावर लिहून घ्या.

निघेपर्यंत घरात सल्लागार मंडळ जमलंच. खालच्या आजी म्हणाल्या, ‘अगं, गंगावेशीतनं म्हशीचं धारोष्ण दूध आण, त्यात एरंडेल घाल आणि पाज की! आमच्या पोरास्नी तेच दिलंय.’ सासूबाईंनी आपला इसबगोलाचा डबा पुढे केला. आमचे हे मेडिकलमधून माणसांचा तयार एनिमा आणायला चप्पल घालून उभे. प्रेमाने सुचवलेल्या या सगळ्या गोष्टींमधली एकही तेव्हा चालणारी नव्हती. दूध मोठ्या मांजराला धड पचत नाही, त्यात साखर आहेच. ओकणाऱ्या मांजराच्या तोंडात तेल ओतलं तर ते फुप्फुसात जाण्याची भीती. इसबगोल पाणी पितं. आतली शी आधीच कोरडी असताना पोटात पुरेसं पाणी नसेल, तर खडा आणखी मोठा होतो. आणि एनिमा सगळ्यात घातक. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच तयार एनिम्यांत फॉस्फेट असतं, ते मांजराच्या रक्तात शोषलं जातं, कॅल्शियम धाडकन खाली येतं आणि मांजर दगावू शकतं. यांना दारातनं माघारी बोलावलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं, मोठ्या आतड्यात बोटांना लांबच लांब कडक गाठ लागत होती. तरी त्यांनी लगेच हात घातला नाही. आधी रक्त घेतलं आणि एक्स-रे काढला. माझी घाई बघून म्हणाले, ‘संडास अडली म्हणून ओकतोय, हे बहुतेक खरं असेल. पण डायबेटिसवाल्या मांजराला स्वादुपिंडाची सूज येते, किडनी बिघडते, किटोन होतात, आणि या तिन्हींत उलटी होतेच. आधी ते बघू द्या.’ उलटी थांबवायचं इंजेक्शनही त्यांनी एक्स-रे बघितल्यावरच दिलं. आत काही गिळलेलं अडकलं असतं, तर नुसती उलटी दाबून तो प्रकार झाकला गेला असता.

रक्तात साखर वर, किडनी ठीक, पोटॅशियम खालच्या बाजूला. त्या पोटॅशियमवरून त्यांनी जे समजावलं, त्यानंतर साखर, अडलेली संडास आणि उलट्या हे मला तीन वेगळे आजार वाटेनासे झाले. मांजराची साखर साधारण २५० ते ३०० च्या वर गेली की ती लघवीतून सांडते आणि जाताना पाणी ओढून नेते. शरीर मग मिळेल तिथून पाणी परत घेतं, मोठ्या आतड्यातूनही. शी कोरडी पडते, कोरडी शी दुखते, म्हणून मांजर ती धरून ठेवतं आणि धरलेली शी आणखी वाळते. जोर काढताना उलटी होते. उलटीने पाणी जातं, पोटॅशियम जातं, पोटॅशियम कमी झालं की आतड्याचे स्नायू ढिले पडतात, म्हणजे पुन्हा संडास अडते. त्यात साखरेने मागच्या पायांच्या नसा दुबळ्या झालेल्या. गुंड्या काही दिवस टाच टेकवून चालत होता, ते आम्ही वयाचं समजलो होतो. नीट उकिडवं बसताच येत नसेल, तर जोर कुठून लागणार?

म्हणून पहिला उपचार पाण्याचा. सलाईन लावलं, त्यातून पोटॅशियम दिलं, आणि अंगात पाणी भरल्यावरच भूल देऊन कोमट पाण्याचा एनिमा, हळूहळू, हाताने खडा मोकळा करत. सुकलेल्या मांजराला आधी भूल आणि मग पाणी, असा उलटा क्रम करत नाहीत. संध्याकाळी गुंड्या घरी आला तो झिंगलेला, रिकाम्या पोटाचा आणि सगळ्यांवर रागावलेला. रात्री उकडलेल्या चिकनचे चार तुकडे खाल्ले. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साचते, त्यामुळे त्या चार तुकड्यांचं मोल आम्हाला माहीत होतं.

चिकन बिनमिठाचं, कांदा-लसणाशिवाय. हे कोल्हापुरात मुद्दाम सांगावं लागतं. रविवारी घरात तांबडा-पांढरा असतो, आणि ‘पांढरा रस्सा तिखट नाही, त्याला दे थोडा’ असं पाहुणे हमखास म्हणतात. कांदा-लसणाने मांजराच्या लाल पेशी फुटतात. पाहुणा नाराज झाला तरी चालेल.

त्यानंतरची घडी बसायला वेळ लागला. सुकं खाणं हळूहळू कमी करून ओलं आणलं आणि त्यातही वरून कोमट पाणी. यातली मेख अशी की सुक्या दाण्यांत कर्बोदकं जास्त, ती कमी केली की साखर आपोआप उतरते, आणि इन्सुलिन मात्र जुन्याच डोसवर राहिलं तर ती धोक्याइतकी खाली जाते. त्यामुळे खाणं बदलायचं ते डॉक्टरांना सांगून, आणि त्या काळात कानाला टोचणं जास्त. एकदा आकडा ६० च्या खाली गेला, गुंड्या लडखडत होता. हिरड्यांना मध चोळला, मग खायला दिलं, मग फोन. डोस कमी झाला तो तेव्हा.

संडास मऊ राहण्यासाठी डॉक्टरांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली. चव नाही, वास नाही, ओल्या खाण्यात चिमूटभर मिसळली तर गुंड्या चाटूनपुसून खातो. लॅक्टुलोजचं सिरप आधी देऊन बघितलं होतं. ते गोड, चिकट, त्याने ते आमच्या अंगावर थुंकलं. शिवाय त्यात थोडी साखर असते, आकड्यांवर लक्ष ठेवावं लागतं. दोन्हींचं प्रमाण शी बघून वाढवायचं-कमी करायचं. पातळ झाली तर पुन्हा पाणी जातं आणि आपण जिथे होतो तिथेच.

ट्रे बदलला, एका बाजूने काठ कापून खुजा केला, म्हणजे दुबळे पाय उचलायला नकोत. पाण्याचे वाडगे घरभर, त्यातला मातीचा त्याच्या सगळ्यात आवडीचा. पाणी अंगात कमी वाटलं तर कातडीखाली सलाईन घरीच द्यायला डॉक्टरांनी शिकवलंय. बाटली पडद्याच्या दांडीला अडकवते, खांद्यावर पाण्याचा फुगा येतो आणि काही तासांत जिरतो.

वहीत चार रकाने आहेत : साखर, डोस, खाल्लं किती, शी. सगळ्यात कामाचा चौथा. दोन दिवस तो रिकामा राहिला की आम्ही उलटीची वाट बघत नाही, फोन करतो. वही सासूबाई लिहितात, त्यांचा स्वतःचा आकडा त्याच पानावर समासात असतो आणि गुंड्याचा कमी आला की त्यांना राग येतो.

पुन्हा एकदा तसंच अडलं होतं, पण तेव्हा दुसऱ्या दिवशीच पकडलं, भूल लागली नाही. डॉक्टर म्हणतात, वारंवार व्हायला लागलं तर आतडं सैल पडलंय का ते बघावं लागेल, आणि ऑपरेशनची वेळ आली तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्याला दाखवू. सध्या त्याची गरज नाही. पोटॅशियम पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायचंय.