तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात जर्मन शिकता येतंच, मग हायडेलबर्गला कशाला?

मी जर्मन शिकवते. वर्ष सरत आलं की पालकांचा एक ठरलेला फोन येतो. "मॅडम, मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, तुम्ही आहात. मग एका महिन्याच्या समर कोर्ससाठी एवढे पैसे घालून मुलीने जर्मनीला जायचं ते कशाला?" मी शिकत असताना हायडेलबर्ग विद्यापीठाचा ऑगस्टमधला कोर्स केला होता हे त्यांच्या कानावर आलेलं असतं. त्यामुळे "तुम्हाला तरी काय मिळालं?" हा प्रश्नही त्यात दडलेला असतोच. फोनवर मी दोन वाक्यांत आटपते. इथे जरा सविस्तर.

व्याकरणासाठी जायचं असेल तर खरंच जाऊ नका. ते पुण्यात उत्तम होतं. विभक्ती हा प्रकार मराठी माणसाला नवा नाही, त्यामुळे आपली मुलं तिथल्या वर्गात डाटिव्ह-अक्कुझाटिव्ह बऱ्याच जणांपेक्षा पक्कं घेऊन जातात.

जर्मन लोकांशी जर्मन बोलायला मिळेल म्हणूनही जाऊ नका. यावर पालक गप्प होतात. पण हायडेलबर्ग हे पर्यटकांचं गाव. किल्ला बघायला जगभरातून माणसं येतात, आणि २०१३ पर्यंत अमेरिकी लष्कराचं युरोपातलं मुख्यालयही इथेच होतं. बेकरीत तुम्ही मनात वाक्य जुळवून तोंड उघडता, जरा अडखळता, आणि काउंटरपलीकडून झकास इंग्रजी येतं. त्यात तुच्छता नसते, मागे रांग असते एवढंच. इंग्रजी नाही आलं तर तिथली बोली येते. तिच्यात 'इश' म्हणजे पुस्तकातलं 'इख', अर्थात 'मी', हे समजेपर्यंत पाव पिशवीत पडलेला असतो.

शिवाय विद्यार्थी म्हणाल तर तेही गायब. जर्मन विद्यापीठांत उन्हाळी सत्राची व्याख्यानं जुलैअखेर संपतात आणि हिवाळी सत्राची ऑक्टोबरात सुरू होतात. मधल्या काळात वर्ग आणि खोल्या रिकाम्या असतात, म्हणून तर ऑगस्टात परदेशी मुलांचा कोर्स भरवता येतो. (याला उन्हाळी कोर्स म्हणायचं आणि घरी आईने श्रावणी सोमवार धरलेला, हे मला शेवटपर्यंत विचित्रच वाटलं.)

मग भाषा येते कुठे? माझी हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात आली. आमच्या मजल्यावर जॉर्जिया, ब्राझील, तैवान, इटली असे सगळे. जॉर्जियाच्या मुलीला इंग्रजी जवळजवळ येतच नव्हतं आणि ब्राझीलच्या मुलाचं जेमतेम. फ्रिजमधलं चीज कोणी खाल्लं यावरचं भांडणसुद्धा जर्मनमध्येच करणं भाग होतं. एकदा फ्रिजवर तक्रारीची चिठ्ठी लागली, तर चीजचोर शोधायचं राहिलं बाजूला, सगळ्यांनी मिळून चिठ्ठीतलं क्रियापद योग्य जागी आहे का यावर अर्धा तास घातला. ती भाषा आमच्यापैकी कोणाच्याच घरची नव्हती, त्यामुळे चुकायला कोणी लाजत नव्हतं.

गणपती जवळ आले होते. मी सहज फोटो दाखवले आणि फसले. एवढी सुंदर मूर्ती, इतकी पूजा, आणि मग पाण्यात? का? मी सांगायला सुरुवात केली: माती, नदी, पाहुणा, निरोप. जॉर्जियाची मुलगी शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारलं, "पुढच्या वर्षी येतो तो हाच की दुसरा?" हा प्रश्न मला सदाशिव पेठेत कोणी विचारला नव्हता, विचारणारही नाही. मराठीतसुद्धा मला थांबून विचार करावा लागला असता. माझ्या उत्तरात इतकी 'कारण', 'जरी', 'म्हणून' आली की वर्गातल्या बाईंनी ऐकलं असतं तर पेढे वाटले असते. मग तैवानची मुलगी म्हणाली, आमच्याकडे चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात मृतात्म्यांसाठी पाण्यात दिवे सोडतात, घराघरांतून अन्न मांडतात. तिथून मी पितृपक्षावर आले. रात्री कावळ्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते शोधत बसलो होतो. असला तास पुण्यात मी कितीही चांगली शिक्षिका असले तरी घेऊ शकत नाही, कारण वर्गातल्या सगळ्यांना पितृपक्ष माहीत असतो.

यात नवीन काही नाही. १९०७ च्या उन्हाळ्यात कवी महंमद इक्बाल म्युनिकच्या पीएचडीसाठी जर्मन पक्कं करायला हायडेलबर्गलाच येऊन राहिले होते. नेकार नदीच्या काठच्या एका रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. आणि उलटा प्रवास बघायचा तर गुंथर सोंथायमर. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतला हा माणूस खंडोबा-बिरोबा समजून घ्यायला धनगरांमध्ये हिंडला. पुस्तकं तिकडेही होतीच की.

खाण्याचं विचारता, तर मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, शाकाहारी पदार्थ असतात. त्यात भाताची अपेक्षा ठेवू नये. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच भरून ठेवायचं. व्याख्यान संपलं की मुलं टाळ्या न वाजवता बाकावर बोटांनी टकटक करतात, दचकू नका.

आता कोणी जावं? ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, नुकती संपवून जाणार असाल तर पैसे वाचवा. स्वयंपाकघरातल्या भांडणात उतरता येईल इतकं, म्हणजे बी-वन ही तिसरी पातळी तरी, हवं. 'डाड' (DAAD) ही जर्मन संस्था अशा कोर्ससाठी शिष्यवृत्त्या देत आली आहे, तिकडे आधी बघा. दोघी मैत्रिणी मिळून जाणार असाल तर खोल्या वेगवेगळ्या मजल्यांवर मागा, नाहीतर महिनाभर मराठीच बोलाल. आणि ऑगस्टात आपल्याकडे कॉलेज अगदी भरात असतं, हजेरीवरून पुढे कटकटी होतात. तेव्हा प्राचार्यांकडून रजा लेखी घ्या, मगच तिकीट काढा.