हंगामाचे परमिट की चार दिवसांचे?

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात स्नोमोबाईल, म्हणजे पुढे स्की आणि खाली फिरता पट्टा असलेली बर्फावरची गाडी, घेऊन रीतसर ट्रेलवर, म्हणजे तिच्यासाठी आखलेल्या बर्फाच्या वाटेवर, उतरायचे असेल, तर गाडीची नोंदणी, तिचा विमा आणि चालवणाऱ्याचा परवाना एवढ्यावर भागत नाही. गाडीच्या विंडशील्डवर ट्रेल परमिटचे स्टिकरही असावे लागते, आणि ते नसेल तर पोलीस किंवा ट्रेल वॉर्डन वाटेत अडवू शकतात. माझा धाकटा भाऊ सडबरीला राहतो. गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस त्याने एक जुनी, दोन आसनांची स्नोमोबाईल विकत घेतली, आणि येत्या फेब्रुवारीत आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे जाणार असल्यामुळे "ताई, परमिट पूर्ण हंगामाचे काढू की तुम्ही याल तेवढ्यापुरते?" हा प्रश्न बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारच्या घरी रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर येऊन पडला. घरातली आकडेमोड माझ्याकडे असते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

आकडेमोड करण्याआधी हे पैसे जातात कुठे ते मी समजून घेतले. ऑन्टारिओतल्या स्नोमोबाईल क्लबांचा एक महासंघ आहे, आणि त्याच्या छत्राखाली सुमारे 30,000 किलोमीटर लांबीचे ट्रेल सांभाळले जातात. या वाटांचा मोठा भाग सरकारी नसून शेतकऱ्यांच्या आणि इतर खासगी मालकांच्या जमिनीवरून जातो. मालक केवळ परवानगी देतो आणि त्याच्या मनात आले तर ती काढूनही घेतो. म्हणूनच आखलेली वाट सोडून कोणाच्या पेरलेल्या शेतात गाडी घालणारा एखादा उत्साही माणूस पुढच्या वर्षी अख्ख्या गावाची वाट बंद पाडू शकतो. खुणांचे खांब रोवणे, पडलेली झाडे कापणे, ओढ्यांवरचे छोटे पूल दुरुस्त करणे ही कामे क्लबांचे स्वयंसेवक करतात, तर परमिटच्या पैशांतला मोठा वाटा बर्फ सारखा करणाऱ्या ग्रूमर यंत्रांवर खर्च होतो.

हा ग्रूमर मी मागच्या भेटीत जवळून पाहिला. रुंद पट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टरसारखे धूड आणि त्याच्या मागे ओढली जाणारी लांबलचक लोखंडी चौकट असे त्याचे रूप असते. चौकटीतली पाती उंचवटे कापतात, सुटा झालेला बर्फ खड्ड्यांत ओढतात आणि शेवटचा जड तवा तो दाबून सपाट करतो. हे काम बहुतेक रात्री चालते, कारण रात्री वाहतूक नसते आणि दाबलेला बर्फ घट्ट बसायला काही तासांची थंडी व शांतता लागते. सकाळी पहिल्यांदा त्या वाटेवरून जाणाऱ्याला गुळगुळीत रस्ता मिळतो. शनिवारी दुपारी त्याच वाटेवर इतके उंचवटे तयार झालेले असतात की मागच्या आसनावर बसलेल्या माणसाची कंबर त्याची साक्ष देते. मी मागे बसले होते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

आता दरांकडे वळू. नेमका आकडा दरवर्षी थोडाफार बदलतो, पण हंगामाचे परमिट साधारण 200 ते 300 कॅनेडियन डॉलरांच्या दरम्यान पडते आणि ते कधी घेता यावर त्याची किंमत ठरते. 1 नोव्हेंबरपूर्वी घेतले तर सर्वांत स्वस्त, नोव्हेंबरात थोडे महाग आणि डिसेंबर लागला की पूर्ण दर, अशी ती पायरी आहे. थोड्या दिवसांसाठी वेगळे परमिट मिळते. ते किमान लागोपाठ दोन दिवसांचे घ्यावे लागते आणि दिवसाला 50 डॉलरांच्या आसपास पडते. दोन्ही परमिटे माणसाला नव्हे, तर एका विशिष्ट गाडीला लागू होतात. भावाने उद्या वहिनीसाठी दुसरी गाडी घेतली, तर तिचे परमिट वेगळे काढावे लागेल.

बडोदेकरांना हा सगळा प्रकार नवरात्रातल्या गरब्याच्या पासासारखा वाटेल. सीझन पास आधी घेतला तर स्वस्त, दिवसाचा पास महाग. आणि पास खिशात पडल्यावर ऐन नवरात्रात पाऊस आला तर मैदानात चिखल आणि आपण घरात. फरक एवढाच की गरब्याच्या वेळी आपण निदान पंचांग बघून नऊ रात्री कोणत्या हे सांगू शकतो. बर्फाला पंचांग नाही. स्वस्तात परमिट घेण्याची मुदत संपते तेव्हा बर्फाचा पत्ता नसतो आणि बहुतेक ट्रेल खरोखर सुरू व्हायला डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारी उजाडतो. सवलत घेणारा माणूस प्रत्यक्षात हवामानावर पैज लावत असतो, आणि पैज म्हणून तिचा विचार केला तरच हिशेब बरोबर मांडता येतो.

साधा भागाकार कोणालाही जमेल: 200 भागिले 50 म्हणजे चार, 300 भागिले 50 म्हणजे सहा, त्याहून जास्त दिवस गाडी चालवणार असाल तर हंगामाचे परमिट फायद्याचे. भावाने पहिल्याच दिवशी हे गणित मला ऐकवले आणि विषय संपला असे मानले. पण आपण किती दिवस चालवू, हा आकडा तो कुठून आणणार होता? जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंतचे सगळे शनिवार-रविवार मोजून नव्हे, कारण त्यातल्या काही आठवड्यांत ट्रेल बंद असतात, काहींत मुलाच्या परीक्षा असतात, काहींत पारा इतका खाली जातो की शहाण्या माणसाने घराबाहेर पडू नये. ज्या दिवशी ट्रेल उघडा आहे, सुटी आहे, गाडी धड आहे आणि मनही आहे, असे दिवस मोजायचे असतात, आणि ते नेहमी वाटतात त्याहून कमी भरतात. 2023-24 चा हिवाळा हा कॅनडाच्या नोंदींमधला सर्वांत उबदार हिवाळा ठरला. त्याच जानेवारीत आपल्या गुलमर्गलाही महिना संपत येईपर्यंत बर्फाची वाट पाहावी लागली होती. अशा वर्षी ऑक्टोबरात घेतलेले परमिट कपाटात पडून राहते.

ट्रेल उघडा आहे की नाही हे महासंघाच्या नकाशावर रंगांनी दाखवलेले असते: हिरवा म्हणजे खुला, पिवळा म्हणजे मर्यादित, लाल म्हणजे बंद. लाल वाटेवर परमिट असले तरी जाता येत नाही. गंमत पिवळ्या रंगात आहे. पिवळा दिसला की नवखा माणूस "चालेल की!" म्हणून निघतो, पण पिवळी वाट बहुधा कमी बर्फाची आणि कडक झालेली असते, आणि ती गाडीला मानवत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांच्या बहुतेक स्नोमोबाईलींना मोटारीसारखा पुढे पंखा लावलेला रेडिएटर नसतो. बोगद्यासारख्या मागच्या भागात उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या असतात आणि गाडीखालच्या फिरत्या पट्ट्याने उडवलेला भुसभुशीत बर्फ त्यांच्यावर आदळून कूलंट थंड होते. बर्फ उडालाच नाही तर इंजिन तापते, आणि ज्या प्लास्टिकच्या स्लाइडवरून पट्टा घसरतो त्या बर्फाच्या ओलाव्याशिवाय झिजून जातात. यावर उपाय म्हणून भावाने बर्फ खरवडणाऱ्या स्प्रिंगच्या काड्या बसवून घेतल्या आहेत. त्या कडक वाटेवर थोडा भुगा उडवतात आणि गाडी तगून राहते. पिवळ्या दिवसांना म्हणूनच मी पूर्ण दिवस धरत नाही. माझ्या वहीत ते अर्धेच आहेत.

सडबरीच्या भावासाठी आणि ब्रॅम्प्टनच्या माझ्या मामेभावासाठी उत्तर वेगवेगळे येते ते याच कारणाने. सडबरी टोरांटोच्या उत्तरेला सुमारे 400 किलोमीटरवर आहे. भाऊ शहराच्या कडेला राहतो आणि ट्रेलरवर गाडी न चढवताच ट्रेल गाठतो. बुधवारी संध्याकाळी नकाशा हिरवा दिसला तर जेवणाआधी तासभर फिरून येण्याइतकी सोय त्याला आहे, आणि असे तुकड्या-तुकड्यांचे दिवस लागोपाठ दिवसांच्या परमिटमध्ये बसतच नाहीत. त्याच्यासाठी हंगामाचे परमिट योग्य आहे, तेही 1 नोव्हेंबरपूर्वीचे. बर्फ कमी पडला तरी त्याचे चार-सहा दिवस सहज भरतील.

मामेभावाचे तसे नाही. ब्रॅम्प्टनहून भरवशाच्या बर्फापर्यंत जायचे म्हणजे दोन-तीन तासांचा प्रवास, भाड्याची गाडी, मोटेलची रात्र आणि चौघांचे जेवण. या खर्चासमोर परमिटचे पैसे किरकोळ आहेत. त्याने स्वस्तात मिळते म्हणून हंगामाचे परमिट काढले तर ते वसूल करण्यासाठी नको त्या शनिवारी, पिवळ्या वाटेवर, पोरांना गाडीत कोंबून तो उत्तरेकडे निघेल, हे मी त्याला ओळखून सांगते. त्याने थोड्या दिवसांचे परमिट घ्यावे आणि तेही नकाशा पाहून, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी. भाड्याने गाडी घेणाऱ्याने आधी विचारून घ्यायचे ते एवढेच की परमिट भाड्यात धरलेले आहे का. कारण परमिट गाडीचे असल्यामुळे भाड्याच्या गाडीवर ते आधीच लागलेले असू शकते, आणि मग त्याच गाडीसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सहलीचा आराखडा करताना बडोद्याहून जाणाऱ्या माणसाची पहिली फसगत अंतराची होते. नकाशावर 250 किलोमीटर पाहून आपण अहमदाबादच्या एक्सप्रेसवेचा वेग मनात धरतो, पण ऑन्टारिओच्या ट्रेलवर कायदेशीर वेगमर्यादा ताशी 50 किलोमीटर आहे, आणि वळणे, चढ, समोरून येणाऱ्या टोळ्या, इंधनाचे थांबे धरले की सरासरी त्याहून बरीच खाली येते. टाकी भरल्यावर साधारण 150 ते 200 किलोमीटर जाता येते. त्यामुळे वाटेतला पेट्रोल पंप चालू आहे की नाही हे निघण्याआधी फोनवर विचारावे लागते. फेब्रुवारीच्या मध्यात तिकडे संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आमच्यासारख्या मागे बसणाऱ्या मंडळींना घेऊन दिवसाला 100 किलोमीटर पुष्कळ झाले, असे मी भावाला बजावले आहे; त्याच्या मित्रांच्या दिवसाला 250 किलोमीटरच्या गोष्टी त्याने मित्रांसोबतच कराव्यात.

गोठलेल्या तलावांचा विषय मात्र घाईने उरकण्यासारखा नाही. सडबरीच्या आसपास तलाव अगणित आहेत आणि ट्रेल अनेक ठिकाणी थेट बर्फावरून जातात, तिथे वाट खांबांनी आखलेली असते. खांब सोडून सरळ रेषेत जाण्याचा मोह होतो, पण तलावाचे तोंड, नदी येऊन मिळते ती जागा आणि पुलाखालचा भाग इथे पाणी वाहते असते आणि बर्फ पातळ राहतो. वरून पडलेल्या ताज्या बर्फाची चादर तर खालचे पाणी गोठू न देण्याचेच काम करते. इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवलेली असावी, जादा ड्राइव्ह बेल्ट सोबत असावा आणि चालवणाऱ्याने दारूला स्पर्श करू नये. या तीन गोष्टींवर घरात चर्चा होत नाही.

मार्ग आखताना सीमेचेही भान ठेवावे लागते. ओटावाहून नदी ओलांडली की क्यूबेक प्रांत लागतो, तिथला महासंघ वेगळा, 30,000 किलोमीटरहून अधिक ट्रेल वेगळे आणि परमिटही वेगळे. ऑन्टारिओचे स्टिकर तिकडे चालत नाही. स्नोमोबाईलचे मूळ गाव पाहायचे म्हणून आमच्या यजमानांना क्यूबेकमधल्या वाल्कूर इथे जायचे आहे. जोझेफ-आर्माँ बॉम्बार्डिए तिथलाच. 1934 च्या जानेवारीत बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे आजारी पडलेला त्याचा दोन वर्षांचा मुलगा वेळेवर रुग्णालयात पोहोचू शकला नाही आणि दगावला. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे त्याचे प्रयोग त्याआधीच चालू होते, आणि पुढे 1959 मध्ये त्याच्या कंपनीची छोटी स्की-डू बाजारात आली. तिथे आम्ही मोटारीने जाऊ. केवळ तेवढ्यासाठी दुसऱ्या प्रांताचे परमिट काढणे मला मान्य नाही, आणि यजमानांनीही, थोडे कुरकुरत का होईना, ते मान्य केले आहे.

भावाचे परमिट आता आले आहे. आमच्या सहलीसाठी आम्ही फेब्रुवारीतला फॅमिली डेचा लांब शनिवार-रविवार टाळून त्यानंतरचे मंगळवार ते गुरुवार धरले आहेत, कारण त्या सुटीत ट्रेलवर जत्रा भरते आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत रात्री सपाट केलेली वाट दुपारपर्यंत टिकते. मामेभाऊ त्याच दिवसांत रजा काढून येणार आहे. त्याची भाड्याची गाडी सडबरीतच ठरवली आहे आणि तिचे परमिट भाड्यात धरलेले आहे की नाही याचे उत्तर दुकानदाराने लेखी द्यावे, असे मी त्याला सांगितले आहे.