दोन मिनिटांची नोकरी

आज दुपारी आप्पांचे तीन जुने सोबती साताऱ्यात आमच्या घरी आले होते. सगळे वालचंदनगरच्या कारखान्यातले, सगळे रिटायर्ड. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, हेच यांचं आयुष्य. २.८ मीटर व्यासाची, मॅरेजिंग नावाच्या खूप मजबूत स्टीलची नळकांडी. पाच तुकडे जोडून एक मोटर, म्हणजे त्या टप्प्याचं इंजिन. आत घन इंधन भरायचं काम तिकडं श्रीहरिकोटाला, जवळपास १३९ टन.

चहा ठेवेपर्यंत एक काका कंदी पेढ्यांचा डबा हातात घेऊन बसले. पेढा घेतला नाहीच. डब्याच्या जोडावरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवत राहिले. "हितं बघ, वेल्डिंग बसलंय," म्हणाले. मला काही दिसलं नाही. चश्म्याचा नंबर यांचा जास्त, बरं का!

मग प्रेशर टेस्टच्या गोष्टी. केसिंगमध्ये पाणी भरून दाब चढवायचा, काटा वर सरकायला लागला की शॉपमध्ये कुणी खोकायचंसुद्धा नाही.

मी विचारलं, रॉकेट उडताना टीव्हीवर बघता तेव्हा कसं वाटतं?

"कसलं काय! आमचं काम दोन मिनिटाच्या आतच संपतंय. जळालं की सुटलं, पडलं समुद्रात. फोटो येतोय उपग्रहाचा."

आप्पा एवढे मोठ्यानं हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

जाताना पेढ्यांचा डबा इथंच विसरले. उद्या नेऊन देतो. रिकामा नाही, आईनं चिवडा भरलाय.